प्रशिक्षणाचे तास आणि शिक्षकाचा प्रश्न

प्राथमिक शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात प्रशिक्षण 'मिळत' नाही आणि 'घेतले'ही जात नाही; ते 'लागते'. निवडणुकीची ड्यूटी लागते, जनगणनेचे काम लागते, त्याच चालीवर 'सोमवारपासून ट्रेनिंग लागलंय' असे म्हटले जाते, आणि शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाच्या साऱ्या व्यवहाराचे निदान या एका क्रियापदात सापडते, कारण जे लागते त्याची वेळ, जागा, विषय आणि गरज ठरवणारा कर्ता नेहमी दुसरा कोणीतरी असतो. नोकरीपूर्वीच्या डी.एल.एड. किंवा बी.एड. अभ्यासक्रमाला सेवापूर्व शिक्षण आणि रुजू झाल्यानंतरच्या शिक्षणाला सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणण्याची प्रथा जुनी आहे. अलीकडच्या धोरणांनी 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' हा शब्द आणला असून शिक्षकाची विषयाची, मुलांची आणि स्वतःच्या कामाची समज सेवाकाळभर वाढत राहावी, असा त्याचा अर्थ आहे. नाव बदलले, क्रियापद मात्र अजून जुनेच आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील प्रमुख योजना चाळल्या तर त्यांच्यात एक सवय समान दिसते. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत किमान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे अशी शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर सामूहिक उद्बोधन शिबिरे झाली आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे शिक्षकांच्या बोलीतले 'डाएट', स्थापन होऊ लागल्या. २००१ पासूनच्या सर्व शिक्षा अभियानाने वर्षाला वीस दिवसांचा दंडक घातला. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'निष्ठा' कार्यक्रमाने सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुखांपर्यंत पोहोचण्याचे लक्ष्य ठेवले, आणि २०२० च्या धोरणाने दर शिक्षकामागे वर्षाला किमान ५० तास ठरवून दिले. महिने, दिवस, माणसे, तास अशी मापे बदलत गेली. परंतु प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर वर्गात काय फरक पडला, याचे माप मात्र यांपैकी कोणत्याही योजनेच्या केंद्रस्थानी आले नाही. हजेरीपट मोजता येतो म्हणून हजेरी मोजली गेली, असे म्हणणे कठोर वाटेल, पण ते अन्यायाचे नाही.

कोठारी आयोगाच्या अहवालात एक दुसरी कल्पनाही होती, जिच्याकडे वीस दिवस आणि पन्नास तास यांच्या गलबल्यात दुर्लक्ष झाले. ती होती शाळा संकुलाची: जवळपासच्या शाळांनी एकमेकींशी बांधलेला गट, ज्यात अनुभवी शिक्षकाचा लाभ शेजारच्या शाळेला व्हावा आणि एकट्यादुकट्या शिक्षकाचे एकाकीपण कमी व्हावे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये साधारण दहा प्राथमिक शाळांमागे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख अशी ४,८६० केंद्रांची रचना उभी केली, तेव्हा या कल्पनेला राज्यात प्रत्यक्ष देह मिळाला. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन एवढेच आहे की शिक्षक-विकासाचा दर्जा ज्या ठिकाणी ठरू शकतो ती जागा पुण्याचे सभागृह किंवा दिल्लीहून चालणारे पोर्टल नसून हे केंद्र आहे, आणि नेमकी तीच जागा व्यवस्थेने टपालघरासारखी वापरली आहे.

प्रचलित प्रशिक्षणाचा मार्ग कॅस्केड पद्धतीचा, म्हणजे वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर झिरपण्याचा असतो. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ घटकसंच तयार करतात, ते जिल्ह्याच्या निवडक शिक्षकांना शिकवतात, हे निवडक शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात सुलभक म्हणून उभे राहतात आणि शेवटी ते ज्ञान पंचायत समितीच्या सभागृहात सत्तर-ऐंशी शिक्षकांपुढे स्लाइडच्या रूपाने पोहोचते. प्रत्येक पायरीवर वेळ कमी होतो, उदाहरणे गळतात आणि शंका वर जाण्याचा रस्ता तर मुळात आखलेलाच नसतो. सुलभक हा बहुधा कालपर्यंत शेजारच्या शाळेत शिकवणारा सहकारी असतो. त्याला स्वतःला पटलेले नसले तरी घटकसंच पूर्ण करावा लागतो, आणि समोरच्यांना हे कळत असते. 'निष्ठा'चे घटक ऑक्टोबर २०२० पासून 'दीक्षा' पोर्टलवर आले तेव्हा मधल्या पायऱ्या वगळल्या गेल्या खऱ्या, परंतु त्यांच्याबरोबर समोरासमोरची उरलीसुरली चर्चाही गेली. व्हिडिओ पाहणे आणि व्हिडिओ चालवून ठेवणे यांतला फरक प्रमाणपत्र छापणाऱ्या यंत्राला ओळखता येत नाही.

उदाहरणादाखल नागपूर जिल्हा घेतला, तर तेथील परिस्थिती या पद्धतीला आणखी अडचणीत टाकते. उन्हाळा एवढा कडक की विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा सुमारे दहा दिवस उशिरा उघडतात. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या सभागृहात दिवसभराचे वर्ग घेणे ही कल्पना ज्याने कूलरचे पाणी दुपारी तापलेले अनुभवले आहे त्याला सुचणार नाही. परिणामी प्रशिक्षण अध्यापनाच्या दिवसांत येते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कार्यदिवस ठरवले आहेत, आणि त्याच कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात. भिवापूर, कुही, नरखेड किंवा रामटेक तालुक्यातील लहान गावात दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त झाला, की दुसऱ्याकडे सगळे वर्ग, पोषण आहाराची नोंद आणि आलेले प्रत्येक पत्र येते. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून दिलेले प्रशिक्षण मुलांच्या दिवसांतूनच वसूल केले जाते, हा त्याचा पहिला आणि उघड खर्च होय.

दुसरा खर्च तितका उघड नाही. दोनशिक्षकी शाळेत प्रत्येक शिक्षकापुढे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, आणि ग्रामीण महाराष्ट्रात ही अपवादाची नव्हे, नेहमीची स्थिती आहे. तरीही बहुतेक घटकसंच एक इयत्ता, एक विषय, एक तासिका असे चित्र गृहीत धरून लिहिले जातात. देवलापार परिसरातील शाळेत गोंडी बोलत पहिलीत आलेले मूल, मध्य प्रदेशाच्या सीमेवरचे हिंदीत विचार करणारे मूल आणि नागपूर महानगरपालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांतले शिक्षक या सर्वांना एकच संच मिळतो. शिक्षक त्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ शब्दावली नवी असते आणि अडचण जुनीच.

या ठिकाणी वेतनाचा मुद्दाही टाळता येत नाही. बारा वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीला जिल्हा परिषदेचे शिक्षक आजही 'चटोपाध्याय' म्हणतात. १९८३ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाच्या अध्यक्षांचे, डी. पी. चट्टोपाध्याय यांचे नाव असे पगाराच्या तक्त्यात जाऊन बसले आहे. बारा आणि चोवीस वर्षांनंतरच्या या श्रेण्यांसाठी प्रशिक्षण पूर्ण करणे आवश्यक असते, म्हणजे शिकण्याची इच्छा असो वा नसो, प्रमाणपत्राची गरज निर्विवाद असते. शिक्षकाने पगारवाढीची अपेक्षा धरणे यात गैर काहीच नाही. गैर आहे ते शिकण्याचे फळ प्रमाणपत्राला बांधून ठेवणे आणि नंतर शिक्षक केवळ प्रमाणपत्रासाठी येतात अशी तक्रार करणे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. त्याचे कायदेशीर समर्थन काहीही असो, पात्रता तपासणे आणि क्षमता वाढवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्याची धावपळ दुसऱ्याचा वेळ खाते.

मग दर्जेदार विकास म्हणजे काय, याचे उत्तर अमूर्त तत्त्वांपेक्षा एका वजाबाकीत शोधणे सोयीचे ठरेल. तिसरीतील मूल ५२ मधून १७ वजा करून ४५ लिहिते. उत्तर चुकले हे कोणीही सांगू शकतो. पण मुलाने सातातून दोन आणि पाचातून एक असे प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा केले, म्हणजे त्याने स्वतःचा एक नियम सातत्याने पाळला, हे दिसण्यासाठी गणित येणे पुरेसे नाही आणि 'बालकेंद्री' हा शब्द पाठ असणेही पुरेसे नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या तिसऱ्या प्रकारच्या ज्ञानाला नाव दिले: विषयाचा आशय मुलाला कसा समजतो आणि कुठे अडतो याचे ज्ञान. महाराष्ट्रातील बी.एड. अभ्यासक्रमात 'आशययुक्त अध्यापन पद्धती' हा विषय वर्षानुवर्षे शिकवला जातो आणि त्याचा हेतू याच्या फार दूरचा नाही. मात्र तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत राहिला आणि वर्गापर्यंत क्वचितच आला. ४५ या उत्तराकडे पाहून 'याने असे का केले असेल' हा प्रश्न दहा शिक्षकांनी एका टेबलाभोवती तासभर चघळला, प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच-पाच वह्या पुढे ठेवल्या आणि दशकाच्या काड्यांचा गठ्ठा कोणत्या क्षणी सोडायचा यावर वाद घातला, तर त्या तासाला विकास म्हणता येईल. त्यासाठी प्रोजेक्टर लागत नाही. वह्या लागतात, आणि आपल्या वर्गातली चूक सहकाऱ्यांना दाखवण्याइतका विश्वास लागतो, जो शासन निर्णयाने उत्पन्न होत नाही.

असाच एक प्रश्न २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या दारात आला होता. मराठीत 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी लिहावा लागतो. त्यामुळे कित्येक मुले बावन्न ऐकून २५ लिहितात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीने 'पन्नास दोन' अशी वाचनाची रीत देण्यात आली, आणि गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना तिचा खुलासा वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून करावा लागला. भाषेच्या अस्मितेपासून विधिमंडळातील टीकेपर्यंत सर्व काही झाले. ज्या लोकांना उलट्या अंकांची चूक रोज वहीत दिसत होती ते लाखो शिक्षक या चर्चेत जवळजवळ मूक राहिले, कारण आपल्या वर्गातील पुरावा मांडण्याची त्यांची स्वतःची म्हणावी अशी जागा अस्तित्वात नव्हती, किंवा कागदावर होती आणि त्या महिन्यात तेथे दुसरीच माहिती गोळा होत होती.

शिक्षकाला विचार करणारा कारागीर मानण्याची परंपरा नागपूरच्या आसपास परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाचा आराखडा केला, पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्रामला आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांनी त्याचे काम चालवले. सूतकताईतून गणित, भूगोल आणि समाज शिकवण्याच्या समवाय पद्धतीत, म्हणजे हस्तोद्योगाशी विषय जोडण्याच्या रीतीत, तयार पाठ कुठल्याच पुस्तकात मिळत नव्हता. तो शिक्षकाने रोज घडवायचा होता. पुढे बहुतेक ठिकाणी टकळी उरली आणि घडवणे संपले, यामागची कारणे अनेक असली तरी शिक्षकांना घडवण्याची तयारी व्यवस्थेने फार थोडा काळ आणि फार थोड्या ठिकाणी केली, हे त्यांपैकी एक नक्कीच आहे.

याहून बोधप्रद उदाहरण नागपूरहून दिल्लीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, इटारसीच्या पुढे सापडते. १९५६ पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होती त्याच प्रांतातील होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात गेला, १९८२ नंतर 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला आणि पुढे मध्य प्रदेशातील सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. तेथे शिक्षक उन्हाळ्यातील सुमारे तीन आठवड्यांच्या शिबिरात मुलांप्रमाणेच चौघांच्या टोळीत बसून स्वतः प्रयोग करत, आणि विद्यापीठांतील वैज्ञानिकांनाही त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागे. परंतु खरा कणा शिबिराचा नव्हता. संगम केंद्र नावाच्या ठिकाणी होणाऱ्या मासिक बैठकीचा होता, जिथे न जमलेला प्रयोग, चुकलेली आकृती आणि मुलाने विचारलेला अडचणीचा प्रश्न मांडला जाई, आणि त्यातून 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकाच्या आवृत्त्या बदलत. शिक्षकाची अडचण पुस्तकापर्यंत वर चढू शकत होती, ही गोष्ट कॅस्केडच्या बरोबर उलटी आहे. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांची शिकवण एका आदेशाने थांबू शकते, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे.

संगम केंद्र आणि महाराष्ट्रातील केंद्र यांच्यात रचनेचा फरक फारसा नाही. केंद्राचे मासिक संमेलन, जे २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर शिक्षण परिषद या नावाने अधिक नियमित करण्याचा प्रयत्न झाला, ते दहा शाळांच्या शिक्षकांना महिन्यातून एकदा एकत्र आणते. वर्षाचे दहा महिने आणि प्रत्येक वेळी पाच तास धरले तर होतात ५० तास, म्हणजे २०२० च्या धोरणाने मागितलेले नेमके तेवढेच. नवे पोर्टल किंवा सभागृह न घेता ते आधीपासूनच हातात आहेत. मात्र त्या पाच तासांचे काय होते? स्वागत, प्रास्ताविक, वरिष्ठांच्या सूचना, शिष्यवृत्ती, गणवेश, आधार नोंदणी आणि नव्या ॲपची माहिती यांत सकाळ जाते. केंद्रप्रमुखाच्या मोबाईलवर 'तात्काळ' असा शब्द असलेला संदेश येतो आणि दुपारपर्यंत भरून द्यायचा तक्ता फिरू लागतो. कित्येक केंद्रप्रमुखांकडे रिक्त पदांमुळे दोन-तीन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार असतो. शैक्षणिक मार्गदर्शक म्हणून निर्माण केलेल्या पदाचा असा माहिती गोळा करणारा दूत होणे हा त्या व्यक्तींचा दोष नव्हे. ज्याच्याकडे जे मागितले जाते तेच तो पुरवतो.

संमेलनात एक शैक्षणिक घटक मात्र टिकून आहे, आणि त्याकडे जरा थांबून पाहायला हवे: नमुना पाठ. एक शिक्षक निवडक, हुशार, नीटनेटक्या मुलांपुढे आधी तालीम केलेला पाठ घेतो, मागे बसलेले सहकारी टाळ्या वाजवतात आणि चहा येतो. जपानमध्ये 'जुग्यो केन्क्यू' म्हणजे पाठ-अभ्यास नावाची जी जुनी परंपरा आहे तिच्यातही एक शिक्षक शिकवतो व बाकीचे पाहतात. परंतु तेथे पाठ सर्वांनी मिळून आखलेला असतो, निरीक्षकांची नजर शिक्षकावर नसून मुलांवर असते, आणि नंतरच्या चर्चेत कोणते मूल कुठे अडले यावरून तोच पाठ पुन्हा बांधला जातो. शिक्षकाचे प्रदर्शन आणि मुलांचे निरीक्षण यांत खुर्ची फिरवण्याएवढेच अंतर आहे. नमुना पाठाला मुलांच्या बाजूने पाहणे, दोन इयत्ता एकत्र बसवून तो घेणे आणि फसलेल्या पाठालाही संमेलनात स्थान देणे, यासाठी निधी लागत नाही. पाठ फसू देण्याची मुभा मात्र लागते.

२०१५ नंतर सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटकडे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांच्या गटाकडे, राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या लागल्या, त्या अनुभवाचाही येथे विचार व्हायला हवा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्या बीटमधील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी रीतीने, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते या विचाराने, वाचन-गणिताचे काम उभे केले होते, आणि एका शाळेतील शिक्षकाने दुसऱ्या शाळेत जाऊन पाहणे हा विकासाचा अतिशय निकोप मार्ग आहे. तरी परत गेल्यावर अनेक शाळांत सर्वांत आधी पोहोचली ती फरशीवर रंगवलेली तक्त्यांची रेखाटने. रेखाटनांमागे त्या शिक्षकांनी आपसांत केलेली चर्चा होती. ती दिवसभराच्या भेटीत फोटोत येत नाही. भेटीनंतर आपल्या केंद्रात बसून ती चर्चा पुन्हा सुरू करण्याची सवय ज्यांना होती त्यांनीच कुमठ्यातून काही आणले.

नागपुरात साधनांचा दुष्काळ नाही. रविनगरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेचे पुढे प्रादेशिक विद्या प्राधिकरण झाले, जिल्ह्याची डाएट आहे, रमण विज्ञान केंद्र आहे, आणि महानगरपालिकेच्या शाळांतील मुले टाकाऊ व स्वस्त वस्तूंतून प्रयोग करून दाखवतात तो अपूर्व विज्ञान मेळावा आहे, जिथे पालिकेच्या शाळेतील मूल प्रयोग समजावते आणि महागड्या शाळेतील मूल ऐकते. विनाअनुदानित खाजगी शाळांतील शिक्षकांपर्यंत यांपैकी फारसे काही पोहोचत नाही, हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. जिल्हा परिषदेच्या केंद्रांपुरते बोलायचे तर तेरा पंचायत समित्यांच्या विषयतज्ज्ञांनी घटकसंच घेऊन सभागृहात उभे राहण्याऐवजी महिन्याच्या संमेलनात मागच्या रांगेत बसणे, केंद्राने त्या महिन्यासाठी निवडलेल्या एकाच प्रश्नाला लागणारे वाचन आणि साहित्य पुरवणे, आणि डाएटने या प्रश्नांची जिल्हाभरची वही ठेवणे, एवढा बदल आजच्याच माणसांत करता येतो. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे. तो कागदावरून वर्गाकडे आणण्याची जबाबदारी तक्ते मागवणाऱ्यांची आहे.

सध्या केंद्र संमेलनाच्या इतिवृत्तात उपस्थितांची संख्या, मान्यवरांची नावे, दिलेल्या सूचना आणि आभार असतात. त्याच वहीत जुलैच्या पानावर '५२ वजा १७ बरोबर ४५, अकरा मुले, चार शाळा' अशी नोंद, ऑगस्टच्या पानावर गठ्ठा सोडण्याचे तीन प्रकार करून पाहिल्याची नोंद आणि सप्टेंबरच्या पानावर त्यांपैकी एक का फसला याची नोंद सापडू लागली, तर ती वही तालुक्याला पाठवण्याची घाई कोणी करू नये. ऑक्टोबरच्या बैठकीत ती पुन्हा उघडावी लागणार आहे.